पाठवणीची झोप

पाठवणीची वेळ झाली, तरी रेवतीला बाबा कुठेच दिसेनात. लग्नाच्या धावपळीत आठवडाभर त्यांच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता. "रडू येईल म्हणून लपले असतील," आई म्हणाली. रेवती मोटारीत वाटभर मुसमुसत राहिली.

मागोमाग वऱ्हाडाची बस सासरी पोचली. बँड वाजला, रुखवत उतरलं. मग सासूबाई हसू दाबत आल्या. "अगं, तुझ्या माहेरचं एक सामान बसमध्येच राहिलंय."

रुखवत चढवायला गेलेले बाबा मागच्या सीटवर ढाराढूर झोपले होते. रेवतीनं खूप हलवल्यावर त्यांनी डोळे किलकिले केले. "पाठवणीला वेळ आहे ना अजून?"

"आहे, बाबा. झोपा तुम्ही," ती म्हणाली आणि तिनं अंगावरचा शेला काढून त्यांना पांघरला.