केकवरचं नाव

“नाव सांगा ना मावशी,” संगीता पुन्हा म्हणाली. तिच्या हातात क्रीमचा कोन होता. केकवर ‘वेलकम’ लिहून झालं होतं. पुढची जागा रिकामी होती.

विठाबाईने पदर तोंडाशी नेला. “आमच्या ह्यांचं.”

“ह्यांचं म्हणजे?”

“ह्यांचं.”

तलासरीच्या पेट्रोल पंपावरची ही बेकरी म्हणजे एक काचेचं कपाट आणि एक काउंटर. गाडीत डिझेल भरेपर्यंत लोक खारी-पफ घेतात, एगलेस आहे ना विचारतात आणि निघतात. इथे निवांत बोलायला कोणी येत नाही. विठाबाई मात्र किनाऱ्यावरच्या झाई गावाहून खास आली होती. मासेमारी करताना बोट समुद्रातली हद्द ओलांडून गेली म्हणून तिच्या नवऱ्याला पलीकडच्या देशात धरून ठेवलं होतं. चार वर्षं तो तिथल्या तुरुंगात होता. आज सुटलेल्या खलाशांची बस गुजरातकडून येत होती आणि चहापुरती याच पंपावर थांबणार होती. मग डहाणूला कचेरी, कागद, हार, भाषणं. त्या गर्दीत बायकोला कोण विचारतो? त्याआधी पहिला गोड घास आपल्या हातचा त्याच्या तोंडात पडावा, एवढंच तिला हवं होतं.

सकाळपासून ती दिसेल त्याला हात जोडत होती. महालक्ष्मीला जोडले, रिक्षावाल्याला जोडले, पंपावर टायरमध्ये हवा भरणाऱ्यालाही जोडले. तो बिचारा गांगरला. केकमध्ये अंडं चालेल का, असं संगीताने विचारलं तेव्हा तिलाही जोडले. दर्यातला माणूस आहे, अंड्याला काय घाबरतोय, म्हणाली.

पण नावापाशी आली की तिची गाडी अडत होती. संगीता झरीच्या पाड्यातली, तोंडाने फटकळ. तिला हसू आवरेना. आपली आई बापाला खुशाल नावाने हाक मारते आणि रागावली की मागे शिवीही जोडते, असं तिने सांगून टाकलं. हल्ली कोण पाळतं हे? विठाबाईने मान डोलावली, पण नाव काही घेतलं नाही. मागे गिऱ्हाईकं ताटकळली. एका गाडीवाल्याने हॉर्न दिला. तेवढ्यात विठाबाईच्या दिराचा फोन आला. बसने राज्याच्या हद्दीवरचा अच्छाडचा नाका सोडला होता.

आता संगीताच घाबरी झाली. “मावशी, निदान ओळखायला तरी काही द्या.”

“देव,” विठाबाई म्हणाली.

“कुठला? गणपत? महादेव? नारायण?”

“कुठलाच नाय. नुसता देव. आणि हिंदीवाले मोठ्याला मान देताना मागं काय लावतात, ते लाव.”

संगीताने कोन टेकवला. ‘वेलकम देवजी’. घाईत शेवटचा ‘जी’ जरा घसरला.

बस आली. माणसं एकेक करून उतरली. देवजी सगळ्यांत शेवटी उतरला. गालफडं बसली होती, केस पांढरे झाले होते. विठाबाई केक घेऊन समोर उभी राहिली. त्याने केकवरचं आपलं नाव वाचलं आणि लहान पोरासारखा रडला. तिने रडत रडत त्याला घास भरवला. जग फार चांगलं आहे, असं तिला त्या क्षणी अगदी मनापासून वाटलं.

संगीता काउंटर सोडून कागदी बशा घेऊन धावत आली होती. तिचेही डोळे भरले होते, पण खोडी काही जाईना. “मावशी, आता तरी एकदा नाव घ्या. सगळे ऐकतायत.”

विठाबाईने डोळे पुसले.

“चार वर्षं कचेरीच्या खिडकी-खिडकीत तेच तर घेत फिरले, पोरी. बापाच्या नावासकट, मोठ्यानं,” ती म्हणाली. “आज ते समोर उभे हायत. आता कशाला घेऊ?”