लाल चिमटा

दोरीवरचा चिमटा उडून डाळिंबात अडकलाय असं समजून सूनबाईनं फांदीत हात घातला, आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला. चिमटा नव्हता. कळी होती. लालभडक, करंगळीच्या पेराएवढी.

"अण्णा!" ती ओरडली. "अण्णा, पळत या!"

अण्णा म्हणजे तिचे सासरे. गुडघ्यांनी कधीच असहकार पुकारलेला, पण आज पळाले.

अंगणात टेप लावून मापं घेणारा वेल्डर दचकला. टेपचं दुसरं टोक धरून तिचा नवरा उभा होता. गाडीसाठी पत्र्याची शेड घालायची होती आणि डाळिंब नेमकं मधे येत होतं. या उन्हाळ्यात कळी दिसली नाही तर झाड तोडायचं, असं बापलेकांचं ठरलेलं. उन्हाळा सरत आला होता, आणि कुऱ्हाड भिंतीला टेकवून ठेवली होती.

"एका कळीनं काय होतंय?" नवरा म्हणाला. "गळून जाईल. अण्णाच सांगतात ना, निम्म्या गळतात म्हणून!"

खरं होतं ते. बुडाशी निमुळती असली तर कळी नुसती शोभेची. घागरीसारखं गोल बूड असलं तरच फळ धरायचं. अण्णांनी खिशातून भिंग काढलं. जन्मभर घड्याळं दुरुस्त केलेला माणूस; भिंग डोळ्यात बसलं की त्यांना जगात दुसरं काही दिसत नसे. सूनबाईनं फांदी वाकवून धरली. वेल्डरच्या हातून टेप सुटली आणि सर्रकन गुंडाळत गेली.

"गोल आहे," अण्णा पुटपुटले. मग आवाज चढला. "अगं, गोल आहे! आणि ही बघ दुसरी. पानाआड तिसरी! धरणार, आपलं झाड धरणार!"

सूनबाईनं टाळ्या पिटल्या. प्लास्टरमधून नुकताच सुटलेला हात ठणकला, तरी पिटल्या.

"पण याच वर्षी कसं काय?" नवऱ्यानं विचारलं.

"ताण बसला." अण्णांचा चेहरा फुलून आला होता. "पाणी तोडायचं, पानं गळू द्यायची, झाडाला पार मरणाची भीती घालायची आणि मग पाणी सोडायचं. तेव्हा कुठे ते फुलतं. दरवर्षी करतोय मी. याच वर्षी नीट बसला."

सूनबाईच्या टाळ्या थांबल्या. याच वर्षी, उन्हाळ्याच्या तोंडाशी, ती जिन्यावरून पडली होती आणि हात गळ्यात आला होता. त्याआधी दर उन्हाळ्यात अण्णांनी पाणी तोडलं की तिला ती मलूल पानं बघवत नसत. संध्याकाळी कपडे धुतलेल्या पाण्याची बादली ती गुपचूप झाडाच्या बुडाशी ओतायची. म्हणजे कुऱ्हाड इथवर आणली ती तिच्याच मायेनं.

"अण्णा," तिचा चेहरा उतरला, "दरवर्षी मीच..."

"माहीत आहे. बुडाशी साबणाचा फेस असायचा."

"मग बोलला का नाहीत?"

अण्णा भिंग पुसायला लागले. "पाणी घालता घालता तू झाडाशी गप्पा मारायचीस. माझी खिडकी तिथेच आहे. तुला अडवलं असतं, तर त्या बंद पडल्या असत्या. घरात दुसरं बोलतंय कोण?"

नवरा आपल्या चपलांकडे बघायला लागला. सूनबाईनं जीभ चावली. झाडापाशी तिनं कुणाकुणाचा उद्धार केला होता, ते तिला भराभर आठवायला लागलं.

"म्हणजे तुम्ही सगळं ऐकलंत?"

"माझ्याबद्दलचंही."

वेल्डर खो खो हसत सुटला. नवऱ्यानं कुऱ्हाड उचलून आत नेऊन ठेवली, आणि येताना बादली भरून आणली. ती त्यानं बायकोसमोर ठेवली.

"आता रोज एक बादली," अण्णा म्हणाले. "साबणाशिवाय. आणि जरा मोठ्यानं बोल. हल्ली मला कमी ऐकू येतं."