अर्धा किलो

वजनकाट्याला पाय चार होते, जमिनीला तीनच टेकले होते. चौथ्याखाली औषधाच्या खोक्याचा पुठ्ठा होता, तीन घड्या घालून सरकवलेला. त्याची एक कड वर येऊन काट्याच्या पत्र्याला खालून टेकत होती. सिस्टर, वॉर्डबॉय, रांगेतले पाच पेशंट, कुणाच्याच ते लक्षात आलं नव्हतं. रांगेत पहिल्या उभ्या असलेल्या काटेवाल्याच्या आलं. बावीस वर्षं तो दुकानांतले आणि गोदामांतले वजनकाटे दुरुस्त करत होता.

“चढा काका,” सिस्टर म्हणाली.

तो चढला. आकडे थोडे पळाले, मग थांबले. १३९.६.

“बसलात बघा एकशेचाळीसच्या आत! उद्या पहिला नंबर तुमचा.”

पंधरा दिवस तो नुसत्या पातळ खाण्यावर होता. एकशेचाळीसच्या खाली आलात तर पोट लहान करायचं ऑपरेशन, नाहीतर तारीख तीन आठवडे पुढे, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. बायकोनं सुस्कारा सोडला आणि पिशवी उचलली. तो काट्यावरून उतरला नाही.

“सिस्टर, हा काटा कमी दाखवतोय.”

“कमी दाखवतो म्हणून कुणी तक्रार केल्याचं पहिल्यांदाच ऐकतेय.”

“खालचा पुठ्ठा वजन खातोय. तो काढा, मग बघू.”

“अहो,” बायको म्हणाली, “सकाळपासून खोलीतला नळ आवळून झाला, पलंगाची चाकं तपासून झाली, पाच वेळा बाथरूमला जाऊन झालं. आता काटा. खोट काट्यात आहे की मनात?”



“दोन्हीत,” तो म्हणाला.

पुठ्ठा काढायला खाली बसावं लागणार होतं. तीन वर्षांपूर्वी एका गोदामात काट्यापाशी गुडघे टेकून बसला, तो उठूच शकला नाही. चार हमालांनी धरून उभं केलं. तेव्हापासून तो फक्त टेबलावरचे काटे घ्यायचा. म्हणून तर इथं आला होता.

तो उतरून बाजूला झाला. बायकोनं पिशवी ठेवली, खाली बसली आणि पुठ्ठा ओढून काढला.

“आता तो पाय फिरव. डावीकडे. अर्धा फेरा. पातळी दाखवणाऱ्या काचेत बुडबुडा दिसतोय?”

“दिसतोय. पळतोय, तुमच्यासारखा.”

“अजून थोडं. आता?”

“मधोमध.”

तो पुन्हा चढला. १४०.३.

सिस्टरचं पेन थांबलं. रांगेतून कुणीतरी “अरेरे” म्हणालं. काटेवाल्याचे खांदे सैल पडले. तीन आठवडे. बायको उठून उभी राहिली आणि तिनं त्याचा चेहरा नीट पाहून घेतला.

“खिसा,” ती म्हणाली.

“कुठला?”

“उजवा.”

त्यानं हात घातला. पितळेचं वजन बाहेर आलं. अर्धा किलो, काटे तपासायचं. घाबरला की तो त्यावरून अंगठा फिरवत राहायचा. वरची अक्षरं झिजून पुसट झाली होती.

“विसरलो होतो,” तो म्हणाला.

“बरं,” ती म्हणाली आणि वजन आपल्या मुठीत घेतलं.

१३९.८.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो चांगला शुद्धीवर होता. पोटावर पाच छोट्या पट्ट्या होत्या, हाताला सलाइन. सगळं व्यवस्थित झालं, असं डॉक्टर दोनदा सांगून गेले होते. पण जाता जाता हेही म्हणाले होते, की आतल्या टाक्यांतून काही गळलंच तर आधी नाडी वाढते, म्हणून ती बघत राहायची. सिस्टर तासातासाला येऊन बघत होती. मधल्या वेळात हा भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत स्वतःच मनगट चाचपत होता.

“एकशे चार.”

बायकोनं त्याची चादर सारखी केली.

“एकशे दहा. वाढतेय गं. सिस्टरला बोलाव.”

“आत्ता गेली ती. अठ्ठ्याऐंशी म्हणाली.”

“तिचं मोजताना चुकलं असेल.”

“हो का? तिचाही काटा खोटा?”

त्यानं पुन्हा बोटं मनगटावर दाबली. ओठ हलायला लागले. बायकोनं खुर्ची पलंगाजवळ ओढली.

“एक सांगा. दुकानदार काट्याच्या टेबलावर कोपर टेकून आकडा वाचायला लागला, की तुम्ही त्याला काय ओरडता?”

तो मोजायचा थांबला.

“सांगा ना.”

“हात काढा,” तो पुटपुटला.

“मग काढा.”

त्यानं हात काढला. रिकामी बोटं चादरीची कड चुरगळायला लागली. बायकोनं ती सोडवली आणि तळव्यावर पितळेचं वजन ठेवलं. त्याला आत नेलं तेव्हापासून ते तिच्या मुठीतच होतं. गरम लागलं. त्याचा अंगठा आपोआप पुसट अक्षरांवर गेला.

तिनं त्याचं दुसरं मनगट धरलं आणि सेकंदकाटा बारावर यायची वाट पाहिली.

“किती झाली?” त्यानं मधेच विचारलं.

“बोलू नका. आकडा हलतो.”

तो छताकडे बघत पडून राहिला. तिनं पूर्ण मिनिट मोजलं.

“ब्याऐंशी.”