आज्ञाधारक श्रीनिवास

"तुम्हाला स्वतःला काय वाटतं?" कुसुमने सरळ विचारलं.

श्रीनिवासने पोह्यांची बशी खाली ठेवली. "आई म्हणेल तसं."

कुसुमचे वडील दीनानाथ खूश झाले. जन्मभर शाळेत मराठी शिकवलेला माणूस. शब्द सापडला की त्यांना राहवत नसे.

"आज्ञाधारक! हल्ली हा शब्द रजेच्या अर्जाखाली, सहीच्या वर तेवढा उरलाय. लिहिणारा कुणाची आज्ञा पाळत नाही आणि वाचणाऱ्यालाही ते ठाऊक असतं. तुमच्या मुलाला मात्र शोभतो हो."

श्रीनिवासची आई, श्यामलाबाई, कसनुसं हसल्या. हे कौतुक त्यांनी बऱ्याच घरांत ऐकलं होतं आणि पुढे त्या प्रत्येक घरी नकारही त्यांच्याच तोंडून गेला होता. नातेवाइकांत त्यांचं नाव पुरतं खराब झालं होतं. चाळिशीला आलेल्या पोराला ही बाई बोहल्यावर चढू देत नाही, असं नणंदा तोंडावर म्हणत. बिचारा श्रीनिवास, असंही म्हणत. पुण्यात बिचारा म्हणवून घ्यायला फारसं काही करावं लागत नाही, गप्प बसलं की पुरतं.

आज त्या फार थकल्या होत्या. गुडघे धरले होते. कुसुमने न विचारता त्यांच्या पाठीशी उशी सरकवली होती. निघताना तिनेच हात धरून त्यांना जिना उतरवला. खाली आल्यावरही श्यामलाबाईंना तो हात सोडवेना. अशी सून घरात यावी, एवढंच त्यांचं एक मागणं उरलं होतं.

दीनानाथ रिक्षापर्यंत आले. "पत्रिका, मानपान, काही आड येत असेल तर सांगा. हिचं वय वाढतंय, मी किती पुरणार? सगळं तुमच्या शब्दावर आहे." बोलताना त्यांचा मास्तरी आवाज पार उतरला होता.

"संध्याकाळी फोन करते," श्यामलाबाई म्हणाल्या.

रिक्षा शनिवार पेठेतून घरापर्यंत आली. दार लावून श्यामलाबाई खुर्चीत टेकल्या.

"श्री, मला मुलगी फार आवडली रे."

"मला नकोय." श्रीनिवास बुटाच्या नाड्या सोडत होता. "लाव फोन."

"या वेळी तू सांग. माझ्याच्याने नाही व्हायचं."

"मी सांगितलं तर चार लोकांत माझं वाईट दिसतं. नेहमीसारखं तुझं नाव सांग. आणि रडका आवाज नको."

श्यामलाबाईंनी डोळे पुसले, घसा साफ केला आणि फोन लावला.

"दीनानाथराव, मलाच पसंत नाही हो मुलगी... श्रीनिवास? छे, त्याला काय विचारायचं? तो माझ्या शब्दाबाहेर नाही."