पाहुण्यांसाठी समेट

पाहुण्यांची बोट किनाऱ्याला लागली तेव्हा गावातला समेट उरकला होता. डुक्कर शिजत होतं. अपोलोनिया आणि दामियन केळीच्या पानांवर शेजारी शेजारी बसले होते, दोघांचीही तोंडं लाल.

लढाईत अपोलोनियाच्या मुलाला दामियननंच मारलं होतं. सकाळी त्यानं कसं मारलं ते चारचौघांत सगळं सांगितलं, बाण मोडला, आणि दोघांनी एकाच डबीतला चुना लावून सुपारी खाल्ली. सुपारी खाल्ली की विषय संपला. मग बोगनव्हिल बेटावर तो कुणी पुन्हा तोंडातून काढत नाही.

क्लेटस घुटमळत आला. समेटासाठी परदेशातून येणारा पैसा गावोगाव पोचवायचं काम याच्याकडे. एरवी याच्या तोंडाचा पट्टा थांबत नाही. आज तो खाली बघत बोलला.

"मावशी, समुद्र खवळला होता म्हणून त्यांना उशीर झाला. ते म्हणतात, परत एकदा करा. चित्रण करायचंय."

"काय परत करा?"

"सगळंच."

दामियन ताडकन उठला. "लाज वाटते का रे? सुपारी खाल्लीय आम्ही."

"वाटते," क्लेटस म्हणाला. "पण चित्रण गेल्याशिवाय पुढचा पैसा सुटत नाही. वर डोंगरातली गावं थांबलीत. तिथली माणसं अजून एकमेकांची वाट चुकवून पाण्याला जातात."

अपोलोनिया बाजूला थुंकली आणि गुडघ्यावर हात टेकून उठली.

"चल पोरा," ती दामियनला म्हणाली. "त्यांचं तरी मिटू दे."

पाहुणे माणसं वाईट नव्हती. उशीर झाला म्हणून त्यांनी पुन्हा पुन्हा माफी मागितली आणि अदबीनं मागे उभे राहिले. कुणीतरी नवा बाण आणून दिला.

दामियननं तोंड उघडलं आणि तो अडला. सकाळी घडाघडा बोललेला माणूस आता नुसता मातीकडे बघत होता. कॅमेरा चालू होता. क्लेटसला वाटलं, बंद करा म्हणावं. त्यानं म्हटलं नाही, आणि त्याला स्वतःची शरम वाटली.

प्रार्थना विसरलेल्या लेकराला सांगावं तशी अपोलोनिया दामियनकडे झुकली.

"'तो नदीवर पाणी पीत होता,' म्हण," ती हळूच म्हणाली. "'पाठमोरा होता.'"