बिस्किटाची पक्की भिंत

नाताळच्या स्पर्धेसाठी सिक्स्टनने आल्याच्या बिस्किटांची इमारत बांधली. इमारत कुठली, तर त्यानेच आराखडा काढलेली, स्वीडनच्या उप्साला शहरातली, जिच्यात त्याची सासू गुनवोर राहत होती तीच. आलं-लवंग घालून बिस्किटं सासूने भाजली आणि जावयाने त्यांना गोंद फासून वर व्हार्निशचे हात दिले. बक्षीस मिळालं, पण त्या वासाने गुनवोरला महिनाभर मळमळत होतं.

जानेवारीतला क्नूटचा दिवस उजाडला. या दिवशी नाताळचं झाड घराबाहेर जातं आणि बिस्किटांचं घर फोडून खातात. गुनवोरच्या बैठकीत, भिंतीला लावलेल्या टेबलावर इमारत मांडली होती. नातीने घाईघाईने कोपऱ्याला दात लावले आणि थू थू करत आजीच्या हातावरच थुंकली.

"शी! आजी, किती घाण लागतंय हे!"

"जावईबापू, पोरांच्या तोंडात जायच्या वस्तूला व्हार्निश?" गुनवोर कडाडली. "किळस येते हो नुसतं बघूनसुद्धा!"

"चव काय घेऊन बसलात, सासूबाई? बांधकाम बघा," सिक्स्टन छाती फुगवून म्हणाला. "माझी भिंत आहे ती. हातोडा घातलात तरी हलायची नाही."

गुनवोरने खरंच हातोडा आणला आणि सगळा संताप एकवटून घातला. बिस्किटांच्या इमारतीचा टवकासुद्धा उडाला नाही.

"बघितलंत?" सिक्स्टन हसला.



तेवढ्यात टेबलामागच्या भिंतीपलीकडून शेजारचा ईंग्वे ओरडला, "गुनवोरबाई, हातोडा आवरा! इकडे आमची अख्खी भिंत तडकली!"