आज्याचा गडगा

सत्त्याऐंशी साली नगरपालिकेचा रस्ता मांडवीच्या किनाऱ्याने निघाला, आणि मोरूची मासळी वाळवायची जागा त्यात गेली. ओव्हरसियर समजुतीने म्हणाला, "मोरू, घराचा कागद तुझ्याकडे नाही. तरी तुझ्या आज्याने घराभोवती दगडांनी रचलेला हा गडगा आम्ही हद्द मानतो. त्याच्या आत पाऊल टाकणार नाही."

"आज मासळी हलवाल नि उद्या चूल हलवाल, मेल्यांनो!" म्हणत मोरूने गडग्याचा दगड उपसून भिरकावला. ओव्हरसियरचं कपाळ फुटलं. रक्त बघून मोरूला चेवच आला. भाऊ धावले, बायको हिरा पदर खोचून हातात दगड देत राहिली. एका मजुराचे दात पडले, दुसऱ्याचा गुडघा मोडला. गडग्याच्या तळाचा दगडही सुटला, तेव्हा पालिकेची माणसं टिकाव-फावडी टाकून पळाली.

"परत येतील तर मुडदे पाडीन!" मोरू ओरडला.

दुसऱ्या सकाळी डोक्याला पट्टी बांधलेला ओव्हरसियर पोलीस घेऊन आला. वाळूत विखुरलेले दगड ओलांडत तो थेट चुलीपाशी येऊन उभा राहिला.



"गडग्याच्या आतलं सगळं तुझंच, मोरू. गडगा कुठे आहे तेवढं दाखव."